लेबर रूमच्या सिस्टरला पगार किती? नव्याने येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने हिशेब

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. एका बाईच्या गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं, दुसरी अजून कमरेवर हात ठेवून व्हरांड्यात फेऱ्या मारतेय. मी पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कुठवर आलं ते टिपायच्या तक्त्यावर, ठिपका मांडत असते आणि पोस्टिंगला आलेली तिसऱ्या वर्षाची मुलगी शेजारी येऊन हळूच विचारते, "सिस्टर, तुम्हाला हातात किती येतात हो?"

हा प्रश्न मला दर बॅचला येतो. विचारताना मुली उगाच ओशाळतात. मी खाजगी मॅटर्निटी होममध्ये पाकिटातून पगार घेतलाय, मग कंत्राटी म्हणून घेतलाय आणि आता सरकारी घेते. त्यामुळे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पण हिशेब कसा करायचा ते नक्की सांगता येतं.

आधी एक गैरसमज काढून टाका. लेबर रूममध्ये काम करते म्हणून जास्त पगार, असं आपल्याकडे नाही. मेडिकल वॉर्डातल्या सिस्टरला जो पगार, तोच लेबर रूममधल्या सिस्टरला. इथे एका पाळीत दोन जीव हातात असतात, वार अडकली किंवा रक्तस्राव थांबेना झाला की पाच मिनिटांत घाम फुटतो, पण पगारपत्रकात त्याचा रकाना नसतो. पगार ठरतो तो तुमच्या रजिस्ट्रेशनवर, पदाच्या नावावर आणि पैसे कुणाच्या खिशातून येतात त्यावर. लेबर रूमच्या अनुभवाला भाव येतो, पण तो पुढे, नोकरी बदलताना.

पायरी १ : तुमच्या रजिस्ट्रेशनवर काय लिहिलंय?

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविकेचा कोर्स) दोन वर्षांची, जीएनएम (परिचर्या आणि प्रसविकेचा डिप्लोमा) तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएम किंवा बी.एस्सी. झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते ती परिचारिका आणि प्रसविका अशी दोन्ही. म्हणजे बाळंतपण करण्याचा परवाना वेगळा काढावा लागत नाही. एएनएमची नोंदणी वेगळ्या वर्गात होते आणि सरकारी पदही वेगळं मिळतं. जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका, म्हणजे उपकेंद्रातली आपली नर्सबाई, ही बहुतेक एएनएमच असते.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. ऐन भरतीच्या वेळी मुदत संपलेली निघाली म्हणून कागदपत्र तपासणीत बाहेर बसलेली मुलगी मी पाहिलीय. फायलीवर तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पायरी २ : पैसे कुणाच्या खिशातून?

एकच बाळंतपण, एकच टेबल, आणि त्याभोवती उभ्या असलेल्या तीन सिस्टरांचे पगार तीन तऱ्हांचे असू शकतात. सरकारी रुग्णालयात हे रोजचं चित्र आहे. एक पर्मनंट, एक एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी, एक आउटसोर्सिंगची. तिघी तेच ग्लोव्हज घालतात.

पर्मनंट सरकारी अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी राज्यात एस-१३ आहे, ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या २०२३ च्या मोठ्या भरतीत हाच आकडा होता. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेला एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१००. केंद्र सरकारच्या संस्थेत, आपल्याकडे नागपूरच्या एम्समध्ये, नर्सिंग ऑफिसरला लेव्हल ७ मिळते, सुरुवातच ४४,९०० पासून.

राज्याच्या अधिपरिचारिकेच्या आणि एम्सच्या आकड्यांतलं अंतर नीट समजून घ्या, कारण कॉलेजात कुणी सांगत नाही. राज्याची सिस्टर ३५,४०० वर लागते. दरवर्षी सुमारे तीन टक्क्यांची एक वेतनवाढ. ३६,५००, ३७,६००, ३८,७०० असं करत करत आठ वेतनवाढींनंतर ती ४४,९०० वर पोचते. एम्सची मुलगी तिथे पहिल्याच दिवशी उभी असते. म्हणून मी प्रत्येक मुलीला सांगते, राज्याची भरती येईल तेव्हा द्याच, पण नॉरसेटचा, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेचा, फॉर्म चुकवू नका. बी.एस्सी. असाल तर थेट बसता येतं. जीएनएम असाल तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तालुक्याच्या दहा खाटांच्या मॅटर्निटी होममध्ये पाच वर्षं झिजलात तरी तो अनुभव इथे उपयोगी पडत नाही. पहिली नोकरी निवडताना हे डोक्यात हवं.

एनएचएमचं गणित सोपं आहे, कारण त्यात गणितच नाही. गेल्या काही वर्षांतल्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या जाहिरातींत स्टाफ नर्सला २०,००० आणि एएनएमला १८,००० असं एकवट मानधन दिसतं. महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही. आदेश ११ महिन्यांचा, मग खंड, मग पुन्हा आदेश. काम मात्र शिकायला मिळतं, ग्रामीण रुग्णालयात तर भरपूर. मी स्वतः टाके घालायला तिथेच शिकले.

आउटसोर्सिंगबद्दल एवढंच, की तुमचा मालक रुग्णालय नसतं, एजन्सी असते. नेमणूकपत्रावर कुणाचं नाव आहे ते वाचूनच सही करा.

पायरी ३ : ३५,४०० म्हणजे हातात किती?

जाहिरातीत दिसतं ते मूळ वेतन. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं चढतं. आपण महागाई भत्ता ५५ टक्के धरू, जानेवारी २०२५ पासून लागू झालेला दर. तुम्ही वाचाल तेव्हा तो पुढे सरकला असेल तर तो आकडा घाला, रीत तीच.

मुंबई किंवा पुण्यात नेमणूक झाली असं समजा.

मूळ वेतन ३५,४००
महागाई भत्ता १९,४७०
घरभाडं ३० टक्क्यांनी १०,६२०
बेरीज ६५,४९०

यावर थोडा वाहतूक भत्ता येतो. कपातीत सगळ्यात मोठी एनपीएसची (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची), मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के, म्हणजे ५,४८७. शासन आपल्या बाजूने १४ टक्के घालतं, ते तुमच्या खात्यात साठतं पण हातात येत नाही. व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. किरकोळ कपाती धरून हातात साठ हजारांच्या अलीकडे-पलीकडे पडतात.

तीच सिस्टर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात गेली तर घरभाडं १० टक्के, ३,५४०. बेरीज ५८,४१०. सात हजारांचा फरक दिसतो खरा, पण पुण्यात एका खोलीचं भाडं काय आहे ते तुम्हीच बघा. आणि क्वार्टर मिळालं की घरभाडं भत्ता बंद होतो, हेही आधीच कळलेलं बरं. आमच्याकडे एका मुलीने क्वार्टरची किल्ली घेतली, गळकं छत बघून राहायला गेलीच नाही, आणि सहा महिने भत्ता कापला जात राहिला. किल्ली परत केल्याचा कागद हातात असल्याशिवाय हा भत्ता पुन्हा सुरू होत नाही.

नागपूरच्या एम्सचा हिशेब याच रीतीने: ४४,९०० वर ५५ टक्के म्हणजे २४,६९५, घरभाडं २० टक्के म्हणजे ८,९८०, शिवाय केंद्राचा नर्सिंग भत्ता ९,००० आणि गणवेश भत्ता २,२५०. बेरीज ८९,८२५. हा नर्सिंग भत्ता आधी ७,२०० होता, महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर तो पाव पटीने वाढला.

बढतीची शिडी लांब आहे. अधिपरिचारिका, मग परिसेविका म्हणजे इनचार्ज सिस्टर, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका म्हणजे मेट्रन. कित्येक जणी अधिपरिचारिका म्हणून लागतात आणि तिथेच निवृत्त होतात. त्यांना आधार १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा. खुर्ची तीच राहते, वेतनस्तर वर जातो. त्यासाठी गोपनीय अहवाल व्यवस्थित लागतात. सेवापुस्तक वर्षातून एकदा स्वतः उघडून बघा, सुट्ट्यांच्या नोंदी राहून गेलेल्या असतात.

पायरी ४ : खाजगीत काय मागायचं?

इथे मी जास्त वेळ घेणार, कारण नव्या मुली बहुतेक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच फसतात.

माझी पहिली नोकरी एका तालुक्याच्या गावातल्या मॅटर्निटी होममध्ये होती. पगार ठरला तीन हजार, तोंडी. महिन्याच्या सात तारखेला पाकीट मिळालं. पाकिटावरच पेन्सिलने हिशेब: ३,०००, खाली वजा थर्मामीटर १, वजा सुट्ट्या ४, वजा मेस. आत दोन हजारांच्या वर थोडे पैसे होते. त्या चार सुट्ट्या म्हणजे माझ्या आठवड्याच्या हक्काच्या सुट्ट्या होत्या. विचारायला गेले तर मॅडम म्हणाल्या, "अगं, तू शिकतेयस ना इथे?" शिकत होतेच. महिन्याला पस्तीस-चाळीस बाळंतपणं व्हायची, त्यातली रात्रीची सगळी मी आणि एक मावशी मिळून करायचो. माझं ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्या कपाटात होतं. ते परत मिळवायला नोकरी सोडल्यावर दोन महिने खेटे घालावे लागले.

आज आकडे बदललेत, पेन्सिल तीच आहे. माझ्या ओळखीतल्या मुली सांगतात त्यावरून, लहान गावातल्या मॅटर्निटी होममध्ये नव्या एएनएमला आठ-दहा हजार, जीएनएमला बारा ते पंधरा, पुण्या-मुंबईच्या मधल्या रुग्णालयांत अठरा ते पंचवीस आणि मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत पंचवीसच्या पुढे. बी.एस्सी. आणि जीएनएममध्ये खाजगीवाले फारसा फरक करत नाहीत. दोन-तीन हजार, तेही मागितले तर.

आता हा दुसरा आकडा पाठ करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून केंद्राने एक समिती नेमली. तिच्या शिफारशी अशा: २०० हून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयाने राज्य सरकारच्या त्याच पदाइतका पगार द्यावा. १०० ते २०० खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा लहान रुग्णालयातही २०,००० पेक्षा कमी नको. अंमलबजावणी राज्यांकडे गेली आणि तिथेच रुतली. कागद दाखवला म्हणून कुणी लगेच पगार वाढवणार नाही, हे मला माहीत आहे. पण मुलाखतीत "आम्ही फ्रेशरला एवढंच देतो" असं ऐकल्यावर "सर, समितीची शिफारस वीस हजारांची आहे" असं शांतपणे म्हणणारी मुलगी आणि मान डोलावणारी मुलगी, यांत फरक पडतो. आमच्या एका विद्यार्थिनीने असं म्हणून दोन हजार वाढवून घेतले.

मुलाखतीला गेलात की पगाराआधी हे विचारा: ड्यूटी आठ तासांची की बारा तासांची? महिन्यात नाइट किती? बारा तासांच्या ड्यूटीचे अठरा हजार हे आठ तासांच्या चौदा हजारांपेक्षा कमी असतात. तासांनी भागून बघा. २६ दिवस आठ तास म्हणजे २०८ तास, चौदा हजारांना तासाला सुमारे ६७ रुपये. २६ दिवस बारा तास म्हणजे ३१२ तास, अठरा हजारांना सुमारे ५८ रुपये.

मग पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. महिना २१,००० पर्यंत वेतन असेल आणि रुग्णालय कायद्याच्या कक्षेत येत असेल तर ईएसआय लागू होतं. हातातले पैसे थोडे कमी दिसतात म्हणून मुली कुरकुरतात, पण उद्या स्वतःच्या बाळंतपणाला तेच उपयोगी येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, मागच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असलं की. दिवसभर दुसऱ्यांची बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरला स्वतःच्या सातव्या महिन्यात "आता तू राजीनामाच दे" असं सांगितलेलं मी कानांनी ऐकलंय. राजीनामा लिहून देऊ नका. रजेचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाच्याही कपाटात ठेवायचं नाही. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. बाँड भरून घेत असतील तर किती महिन्यांचा, मोडला तर किती रुपये, हे वाचा. आणि एक जरा नाजूक गोष्ट. नर्सिंग होमच्या नोंदणीसाठी शिकलेल्या परिचारिका कागदावर दाखवाव्या लागतात. त्यामुळे कधी कधी "कामाला येऊ नकोस, फक्त रजिस्ट्रेशन लावू दे, महिन्याला थोडे पैसे देतो" अशी ऑफर येते. फुकटचे पैसे वाटतात. पण तिथे एखादी बाळंतीण दगावली तर ड्यूटीवरची सिस्टर म्हणून नाव तुमचं निघतं.

बक्षिसीचंही इथेच सांगते. बाळ रडलं की नातेवाईक हातात नोट कोंबतात. मुलगा झाला तर शंभरच्या ऐवजी पाचशेची. सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडणारी गाडी सगळं मोफत आहे. तिथे मागून घेतलेली नोट थेट लाचलुचपतीत मोडते. न मागता आलेलीही घेऊ नका, तक्रार झाल्यावर कुणी मागितली नि कुणी दिली हे कुणी बघत नाही. पेढा घ्या. पेढा मी पण खाते.

पायरी ५ : अनुभव कागदावर आणा

लेबर रूमचा भाव पुढे मिळतो असं मी वर म्हटलं, तो मिळतो कागदावर. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, पहिलटकरीण की दुसरेपणाची, नॉर्मल की चिमट्याची, टाके घातले का, बाळाचं वजन, रक्तस्राव झाला असेल तर काय केलं. बाईचं नाव लिहू नका, तो तिचा खाजगी मामला आहे. वर्षाच्या शेवटी इनचार्जची सही घ्या. नोकरी सोडताना अनुभव प्रमाणपत्रात नुसतं "स्टाफ नर्स" नको, "लेबर रूम" हा शब्द आणि खाटांची संख्या हवी. हे दोन शब्द नसले की तीन वर्षांचा अनुभव साध्या वॉर्डाचा धरला जातो.

प्रशिक्षणं सोडू नका. सरकारीत कुशल प्रसूती सहाय्यकाचं २१ दिवसांचं प्रशिक्षण आहे. २०१७ पासून केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम लेबर रूमच्या दर्जासाठी चालू आहे आणि खाजगी रुग्णालयांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 'मान्यता'. अशा मानांकनाच्या तयारीत असलेल्या रुग्णालयाला पार्टोग्राफ भरणारी, बाळ बाहेर येताच मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन देणारी, बाळाला बॅग-मास्कने श्वास देऊ शकणारी सिस्टर हवी असते. पगार वाढवून मागायची खरी वेळ तीच.

पायरी ६ : पुढे कुठे?

देशातच राहायचं तर दोन रस्ते. एम.एस्सी. नर्सिंगला प्रसूती व स्त्रीरोग विषय घेऊन शिकवण्याकडे जाता येतं. किंवा मिडवाइफरीतली नर्स प्रॅक्टिशनर हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम, जो केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतून आला. गुंतागुंत नसलेलं बाळंतपण प्रसविकेनेच सांभाळावं ही त्यामागची कल्पना. मला मनापासून पटते.

परदेशाचं स्वप्न बघणाऱ्यांनी देशानुसार विचार करा, कारण लेबर रूमचं काम सगळीकडे नर्सचं नसतं. ब्रिटनमध्ये मिडवाइफ हा स्वतंत्र पेशा आहे, नोंदणीही स्वतंत्र. आपली जीएनएम तिथे परीक्षा देऊन नर्स होते आणि बहुधा मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्डात जाते. लेबर वॉर्ड मिडवाइफच्या ताब्यात. इंग्लंडच्या सरकारी सेवेत बँड ५ ची, म्हणजे नव्या नर्सच्या वेतनस्तराची, सुरुवात २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंड होती. रुपयांत गुणाकार करून नाचू नका, आधी घरभाडं आणि कर वजा करा.

अमेरिकेत उलट आहे. तिथे लेबर अँड डिलिव्हरी नर्स ही नर्सचीच एक खास शाखा. एनक्लेक्स ही तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते आणि व्हिसाची रांग लांब असते. सरकारी आकडेवारीत सगळ्या नोंदणीकृत नर्सेसचा मध्यम वार्षिक पगार मे २०२४ मध्ये ९३,६०० डॉलर होता. लेबर रूमवाल्यांचा वेगळा आकडा त्यात काढलेला नसतो, त्यामुळे एजंटाने छातीठोकपणे सांगितलेल्या "लेबर रूम रेट"वर विश्वास ठेवू नका. राज्य आणि रुग्णालय बदललं की तो बदलतो.

आखातात लेबर रूमच्या जागा थेट त्या नावाने निघतात आणि बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. तिथेच तुमची वही कामाला येते. पगाराबरोबर राहायची जागा आणि वर्षाचं तिकीट मिळतं का, ते विचारा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी तर उमेदवाराकडून शुल्क घेणंच त्यांच्या आचारसंहितेत बसत नाही. गेल्या वर्षी आमच्या ओपीडीत एक माजी विद्यार्थिनी भेटली, आईचे दागिने गहाण टाकून एजंटाला तीन लाख द्यायला निघालेली. मी तिला चहा पाजला आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंद असलेल्या सरकारी, संकेतस्थळावर टाकायला लावला. तो क्रमांक तिथे नव्हताच.